बी, पाऊस आणि तुळस : रत्नागिरीच्या अंगणातून एक आढावा

रत्नागिरीच्या जुन्या घरांत तुळस पेरण्याची वेळ क्वचितच येई. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळत, बी खाली पडे आणि मृगाच्या सरी झाल्या की खळ्याच्या कडेला, गडग्याच्या बुडाशी, चिऱ्यांच्या सांध्यांत इवलाली रोपे डोके वर काढत. त्यातले एखादे तजेलदार रोप मुळासकट उचलून वृंदावनात लावले की वर्षा-दोन वर्षांची निश्चिंती असे. आता बऱ्याच ठिकाणी सारवलेल्या खळ्यांवर फरशी आली आहे. शहरात मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव अशा भागांत तर अंगणच गॅलरीत आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये सामावले आहे. पडलेल्या बीला रुजायला माती उरली नाही, म्हणून बी हाताने पेरण्याचा प्रश्न उभा राहिला.

त्याच सुमारास बाजारात सब्जाच्या विदेशी जातींची पाकिटे आली, कोकोपीट आले आणि सल्ल्यांचीही रेलचेल झाली. बी उघडे ठेवा, बी झाका. फेब्रुवारीत पेरा, मृगात पेरा, पाऊस सरल्यावर पेरा. मंजिऱ्या खुडा, मंजिऱ्या राखा. यांतले बरेच सल्ले कुठे ना कुठे खरे ठरलेले आहेत. अडचण एवढीच, की ते निरनिराळ्या हवामानांत तयार झाले आहेत. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. थंडीचे दिवसही इथे उबदारच असतात. अशा जागी घरच्या घरी बियांपासून तुळस वाढवण्याचा प्रश्न आज कुठे उभा आहे, त्यात कोणती मते आहेत आणि काय सुटायचे बाकी आहे, हे क्रमाने पाहू.

कोणती तुळस पेरतो आहोत

मतभेदांपैकी निम्मे इथेच मिटतात, कारण सल्ला देणारा एका वनस्पतीबद्दल बोलत असतो आणि ऐकणारा दुसरीच पेरत असतो. वृंदावनातली तुळस म्हणजे ऑसिमम टेन्युफ्लोरम. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले आणि १७६७ मध्ये याच वनस्पतीसाठी ऑसिमम सँक्टम हेही नाव वापरले. आज पहिले नाव ग्राह्य धरतात, पण बियांच्या पाकिटांवर दोन्ही आढळतात. हिची हिरवी आणि काळी अशी दोन रूपे घरोघर ओळखीची आहेत. ही बहुवर्षायू आहे. बुडाशी खोड लाकडासारखे कठीण होते आणि नीट सांभाळली तर ती दोन-तीन वर्षे टिकते.

सब्जा ही तिची बहीण, ऑसिमम बेसिलिकम. फालुद्यात फुगणारे काळे बी हिचेच आणि इटालियन स्वयंपाकातले बेसिलही हिचीच एक जात. ही वर्षायू. पेरल्यापासून काही महिन्यांत फुलते, बी धरते आणि संपते. याखेरीज मोठ्या पानांची, झुडपासारखी वाढणारी ऑसिमम ग्रॅटिसिमम आहे. तिला कुणी रामतुळस म्हणतात, कुणी रानतुळस. कापराच्या वासाची कापूर तुळस आणखी वेगळी. कोकणात रस्त्याच्या कडेला माजणारे उग्र वासाचे एक तण आहे, त्यालाही लोक रानतुळसच म्हणतात. पण ते ऑसिमम गणातले नाही. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे तण तुळशीच्याच कुळातले आहे, त्याचे बीही भिजल्यावर फुगते आणि लहानपणी त्याचे रोप फसवते.

बी हातात घेतले की फरक कळतो. तुळशीची वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून भुसा हलकेच फुंकला, तर मोहरीहून कितीतरी बारीक, तांबूस-तपकिरी कण उरतात. प्रत्येक फुलाच्या वाळल्या टोपणात जास्तीत जास्त चार. एका ग्रॅमात ते काही हजार भरतात. सब्जाचे बी काळेभोर, लांबट आणि मोठे. ग्रॅमात काही शेच मावतात. ते पाण्यात टाकताच काही मिनिटांत भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरते. बाजारात त्याच्याशेजारी मिळणारे चिया बी करड्या-तपकिरी ठिपक्यांचे असते आणि ते तुळशीच्या गणातले नाही.

पार्श्वभूमी : पूजेपासून वाणापर्यंत

तुळशीबद्दल लिखाण विपुल आहे, पण ते बहुतेक पूजेचे किंवा औषधाचे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१ ते १९०८) ऑसिममच्या जाती नोंदल्या आहेत. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या ‘ओषधीसंग्रहा’सारख्या ग्रंथांनी औषधी गुणांची माहिती मराठी वाचकांपर्यंत नेली. रोप कसे करावे हा विषय अशा ग्रंथांच्या कक्षेबाहेरचा होता. ते काम अंगणात आपोआप होत होते.

बी पेरून तुळस पिकवण्याचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो तेलासाठी आणि औषधासाठी तिची शेती होऊ लागली तेव्हा. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सिमॅपने, तुळशीचे ‘सिम-आयु’ व ‘सिम-अंगना’ आणि सब्जाचा ‘सिम-सौम्या’ असे वाण दिले. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. २०१५ मध्ये लखनौ आणि बेंगळुरू इथल्या दोन गटांनी तुळशीच्या जनुकसंचाचे कच्चे आराखडे प्रसिद्ध केले.

लागवडीच्या ज्या शिफारशी आज सर्वत्र फिरतात, त्यांचा उगम मुख्यतः उत्तर भारतात आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गादीवाफ्यावर पेरणी, आठ ते बारा दिवसांत उगवण, सुमारे सहा आठवड्यांनी चार-पाच पाने आल्यावर एप्रिलच्या मध्यास पुनर्लागण, असा तो क्रम. गंगेच्या मैदानात हिवाळा कडक असतो आणि थंडीने तुळस करपते, म्हणून फेब्रुवारीची वाट पाहणे तिथे गरजेचे आहे. युरोप-अमेरिकेतले सल्ले तर खिडकीत, उबदार खोलीत बी रुजवण्याभोवतीच फिरतात. त्या दोन्ही प्रदेशांत मुख्य शत्रू थंडी. रत्नागिरीत तो प्रश्न उद्भवत नाही. बी रुजायला लागणारी वीस ते तीस अंशांची ऊब इथे बाराही महिने मिळते. इथे रोप मरते ते बहुधा पाण्याने. पुढची सारी मते या एका फरकाच्या उजेडात तपासावी लागतात.

बी की फांदी

पहिला मतभेद बी पेरावे की नाही, यावरच आहे. फांदी लावणाऱ्यांचे म्हणणे असे : मंजिरी न आलेला, बोटभर लांबीचा कोवळा शेंडा घ्यावा, खालची पाने काढावीत, ओल्या मातीत खोचावा. सब्जाचा शेंडा तर नुसत्या पाण्यात आठवडा-दोन आठवड्यांत मुळे सोडतो. वेळ वाचतो आणि रोप हुबेहूब आईसारखे निघते. काळ्या तुळशीचा गडद रंग किंवा एखाद्या घरच्या तुळशीचा खास वास टिकवायचा असेल, तर हा मार्ग खात्रीचा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लावलेल्या फांद्या बहुतेक जगतात, असे लागवडीच्या शिफारशीही सांगतात.

बी पेरणाऱ्यांचे उत्तर मुळांकडे बोट दाखवते. बियांच्या रोपाला सोटमूळ असते, ते खोल जाते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तग धरते. फांदीची मुळे बगलेतून फुटतात आणि वरवर पसरतात. दुसरा मुद्दा विविधतेचा. सगळ्या आळीत एकाच झाडाच्या फांद्या लागल्या, तर एका रोगाने सगळ्या एकदम जाण्याचा धोका असतो. बियांची रोपे थोडी थोडी वेगळी निघतात आणि त्यांतून आपल्या जागेला मानवणारे रोप निवडता येते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि त्या परस्परविरोधी नाहीत. एक नोंद मात्र आवश्यक : उंच कुंडीत किंवा खोल वृंदावनात सोटमुळाचा फायदा दिसतो. ग्रिलवर ठेवलेल्या वीतभर कुंडीत ते मूळ लवकरच बुडाला टेकते आणि फरक पुसट होतो.

बी कुठून आणावे

घरच्या मंजिरीचे बी हा सर्वांत जुना स्रोत. मंजिरी खालून वर तपकिरी होत जाते. टोकाला एखाद-दुसरे फूल शिल्लक असतानाच ती कापावी, कारण पूर्ण वाळेपर्यंत थांबले तर खालचे बी गळून गेलेले असते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत धरलेले बी सर्वांत चांगले. पावसात भिजलेल्या मंजिरीला बुरशी लागते.

खरा प्रश्न साठवणीचा. बियांच्या आयुष्याबद्दल हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम शास्त्रात प्रसिद्ध आहे. बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला तर आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरी तेच होते. रत्नागिरीची दमट हवा या नियमाच्या अगदी उलट दिशेने काम करते. पुडीत बांधून फडताळात ठेवलेले बी एका पावसाळ्यात बरेच निकामी होते. कोकणात भाजीचे बी चुलीच्या राखेत घोळवून ठेवण्याची पद्धत होती, तिचा अर्थ इथे लागतो. कोरडी राख ओलावा शोषते आणि किडीलाही दूर ठेवते. आज घट्ट झाकणाच्या बरणीत कोरडी राख किंवा भाजलेले, पूर्ण गार केलेले तांदूळ तळाशी घालून वर बियांची पुडी ठेवली तरी तेच साधते.

किराणा दुकानातला सब्जा पेरला तर उगवतो का, असे अनेक जण विचारतात. बी जुने नसेल तर उगवतो. पण त्यातून तुळस येत नाही, सब्जाच येतो, आणि तो कोणत्या वासाचा निघेल याचा भरवसा नसतो. सब्जाच्या काही झाडांत लिनालूलचा गोडसर वास असतो, काहींत मिथाइल कॅव्हिकॉलचा बडीशेपेकडे झुकणारा. पाकिटातल्या बीचा फायदा म्हणजे जात ठाऊक असते. तोटा असा, की ते कुठल्या हवेत तयार झाले आणि किती महिने कुठे पडून होते, हे घेणाऱ्याला कळत नाही.

काळ्या तुळशीच्या बीतून काळीच तुळस येते का, हा प्रश्न घराघरांत निघतो. तुळशीच्या फुलांवर सातेरी आणि इतर मधमाश्या सतत असतात. हिरवी आणि काळी शेजारी असली तर पराग मिसळतात आणि संततीत दोन्ही रंगांच्या मधल्या छटा दिसतात. भर उन्हात रंग गडद होतो, सावलीत फिकटतो, त्यामुळे एका लहान रोपावरून निवाडा करता येत नाही. तुळस आणि सब्जा यांचा संकर मात्र सहजी होत नाही. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याच वेगळी आहे.

पेरणी कधी

रत्नागिरीपुरता हा सर्वांत मोठा मतभेद. तीन बाजू आहेत.

पहिली बाजू निसर्गाची. बी आपसूक उगवते ते पहिल्या पावसात, म्हणून रोहिणी-मृगात, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. भाताची धूळवाफ पेरणी याच हिशेबाने होते. हवा दमट, उन्हाचा जोर ओसरलेला, पाणी घालण्याचा त्रास नाही. या बाजूचा कच्चा दुवा आर्द्रेत दिसतो. भाताच्या रोपाला साचलेले पाणी चालते, तुळशीच्या दोन पानी रोपाला चालत नाही. अंगणात हजारो बिया पडतात, त्यांतल्या थोड्या जगल्या तरी निसर्गाचे भागते. पाकिटात पन्नास बिया असलेल्या माणसाचे भागत नाही.

दुसरी बाजू फेब्रुवारी-मार्चची. ती उत्तरेकडच्या शिफारशींशी जुळते, पण कोकणात तिचे कारण वेगळे आहे. पाऊस यायच्या आत रोपाला तीन-चार महिने मिळतात, खोड बुडाशी कठीण होते आणि मग ते पावसाला तोंड देऊ शकते. अडचण पाण्याची. एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांवर विहिरी तळ गाठतात आणि खाडीकाठी काही विहिरींचे पाणी मचूळ होते. कोवळ्या रोपांना क्षार सोसत नाहीत.

तिसरी बाजू पाऊस सरल्यानंतरची. हस्ताचा पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावे. आकाश मोकळे, ऊन भरपूर, ऊबही पुरेशी, विहिरी भरलेल्या. रोपाला पुढच्या जूनपर्यंत सात-आठ महिने मिळतात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतच्या तुळशीच्या लग्नासाठी हे रोप वेळेत तयार होत नाही, ही या बाजूची सांस्कृतिक अडचण. लग्नाच्या तुळशीला ऊस, चिंचा, आवळ्यांसोबत उभे राहायचे असते आणि त्यासाठी भरगच्च रोप हवे. म्हणून ज्यांना ही बाजू पटते तेही लग्नासाठी आधीच्या हंगामाचे रोप राखून ठेवतात.

सब्जासाठी तिसरी बाजू जवळपास निर्विवाद आहे, कारण त्याचे सारे आयुष्य कोरड्या महिन्यांत मावते. तुळशीसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूंतला निर्णय घरच्या पाण्यावर ठरतो. उन्हाळ्यात गोडे पाणी असेल तर दोन्ही चालतात, नसेल तर पाऊस सरल्यावरचीच वेळ सोयीची.

बी झाकावे की उघडे ठेवावे

तुळशीच्या बीला प्रकाश लागतो, म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरावे, असे एक मत. बी उघडे राहिले तर मुंग्या नेतात, पाण्याने वाहून जाते आणि वाळते, म्हणून पातळ थराने झाकावे, असे दुसरे. इतक्या बारीक बीत साठवलेले अन्न थोडे असते. खोल गेलेल्या अंकुराची शिदोरी वर यायच्या आतच संपते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद आहे तो दोन-तीन मिलिमीटरांचा. व्यवहारात दोन्हींच्या मधली वाट रूढ आहे : बी चौपट बारीक वाळूत मिसळून पसरायचे, वर चाळलेल्या शेणखताची नुसती धूळ द्यायची आणि हाताने हलके दाबायचे. सब्जाचे मोठे बी थोड्या जाड थराखालूनही वर येते.

कोकणातल्या घरात यासाठी उत्तम भांडे म्हणजे नारळाची करवंटी. डोळा असलेला अर्धा भाग घ्यायचा, डोळा फोडायचा, तळाशी सोडणाचा एक तुकडा आणि वर चाळलेली माती भरायची. बी पसरल्यावर वरून पाणी न घालता करवंटी थाळीतल्या पाण्यात टेकवायची. डोळ्यातून पाणी वर चढते, मातीचा रंग पालटतो, की करवंटी उचलून निथळायला ठेवायची. बी जागचे हलत नाही. वर ओले गोणपाट टाकता येते, पण पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढलेच पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पांढुरकी आणि लांबट होतात आणि ती पुन्हा धड सावरत नाहीत. सब्जाची पहिली दोन दले रुंद, इंग्रजी डी अक्षरासारखी दिसतात. तुळशीची तशीच पण टाचणीच्या माथ्याएवढी. कातरलेल्या कडांची खरी पाने त्यानंतर येतात. ती येईपर्यंत तण कोणते आणि तुळस कोणती, हे ठरवायची घाई करू नये.

सब्जाचे बी आधी भिजवावे का, यावरही दोन मते आहेत. बुळबुळीत आवरण पाणी धरून ठेवते, हा उन्हाळ्यात फायदा. पण त्या आवरणातून हवा मंदगतीने आत जाते, म्हणून आधीच चिंब असलेल्या मातीत भिजवलेले बी पेरणे जोखमीचे. कोरड्याच बीची पेरणी सोपी पडते, शिवाय फुगलेल्या बिया एकमेकींना चिकटून गुठळीने पडत नाहीत.

कोणती माती

रत्नागिरीची जमीन जांभ्याची. लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, स्वभाव आम्लधर्मी, स्फुरद मातीतच अडकून राहतो. तुळस थोडी आम्लता सहन करते, म्हणून इथली तांबडी माती तिला वर्ज्य नाही. तिच्यात शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात मिसळावी, असे परंपरेने सांगतात. वाळू समुद्रावरची असेल तर पावसात चांगली धुऊन घ्यावी लागते.

नवी पद्धत कोकोपीट आणि गांडूळखताची. ती हलकी, स्वच्छ आणि ग्रिलवरच्या कुंडीला सोयीची आहे. कोकोपीट नीट धुतलेले नसेल तर त्यात क्षार असतात, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ते पाणी धरून ठेवते. मेमध्ये हा गुण आणि जुलैत हाच दोष. दिल्ली-पुण्याच्या कोरड्या हवेत यशस्वी झालेले मिश्रण रत्नागिरीच्या श्रावणात चिखल होते, ते यामुळे.

आपसूक आलेली रोपे इथे साक्ष देतात. ती सकस, खोल मातीत क्वचित दिसतात. दिसतात ती चिऱ्यांच्या भेगांत, पायरीच्या कोपऱ्यात, गडग्याच्या फटीत, जिथे माती मूठभर आणि पाणी क्षणभर. तुळशीला श्रीमंत मातीपेक्षा निचऱ्याची जागा हवी, असे मानणाऱ्यांच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे. जुनी वृंदावने जांभ्याच्या चिऱ्यांची असत आणि पाणी सांध्यांतून झिरपे. सिमेंटच्या तयार वृंदावनांत बुडाला भोक नसेल, तर आतली माती पावसाळाभर पाण्यात उभी राहते.

पावसाळा : रोग आणि कीड

लहान रोपांचा पहिला शत्रू रोपमर. काल टवटवीत असलेले रोप आज मातीलगत दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे पडते. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी त्यामागे असतात. दाट पेरणी, संध्याकाळचे पाणी आणि कच्चे शेण त्यांना बळ देतात. उपायांबद्दल तीन मते दिसतात. काही जण मातीत ट्रायकोडर्मा मिसळतात. काही मातीवर उकळते पाणी ओततात. काही मे महिन्यात ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून ती उन्हात तापवतात. ही शेवटची पद्धत इस्राएलच्या याकोव्ह कातान यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली. माती तापवण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची रीत हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात अभ्यासली आणि १९१२ मध्ये तिच्यावर लिखाण प्रसिद्ध केले. कुंडीभर मातीसाठी पालापाचोळा जाळण्याची गरज नाही, मेचे ऊन पुरते.

सब्जाच्या वाट्याला आणखी एक रोग आहे, केवडा. पेरोनोस्पोरा बेलबाहरी नावाच्या रोगकारकाने होणारा हा रोग १९३३ मध्ये युगांडातून नोंदला गेला, २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात आढळला. पानाच्या वर शिरांमधला भाग पिवळा पडतो, म्हणून लोक खत कमी पडले असे समजतात. पान उलटले की करडी-जांभळी पूड दिसते. तो बियांबरोबर प्रवास करतो आणि ओल्या पानांवर फोफावतो. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने त्याला तोंड देणारे वाण काढले आहेत. रत्नागिरीच्या पावसात विदेशी सब्जा पेरणाऱ्याने हा धोका लक्षात घ्यावा. तुळशीवर याचा उपद्रव तुलनेने कमी.

तुळशीची ओळखीची कीड म्हणजे जाळीदार पंखांचा ढेकूण. पाने फिकट होतात, वळतात आणि मागे काळे ठिपके दिसतात. पिठ्या ढेकूणही येतो. निंबोळी अर्काची फवारणी आणि लागलेले शेंडे छाटणे यावर सर्वांचे एकमत आहे. सुपारीवर वापरतात ते बोर्डो मिश्रण तुळशीवर मारावे का, यावर मत स्पष्ट आहे : जी पाने तीर्थात पडतात आणि काढ्यात जातात, त्यांवर तांब्याचे औषध नको.

मोठ्या रोपाला पावसात झाकावे का, हा वाद मात्र चालू आहे. झावळ्यांचा झाप तिरका उभा करून सरळ मार अडवणारे सांगतात, की रोप वाचते. न झाकणारे म्हणतात, की आधीच उजेड कमी, त्यात आडोसा घातला तर रोप लांबट होते आणि हवा कोंडून बुरशी वाढते. दोघांनाही मान्य असलेली एक गोष्ट आहे : पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये.

मंजिऱ्या खुडाव्यात की राखाव्यात

पानांसाठी तुळस वाढवणारा मंजिरी दिसताच खुडतो. फुलोऱ्याकडे जाणारी ताकद पानांकडे वळते, फांद्या फुटतात, झाड लवकर लाकडासारखे होत नाही. सब्जात हा फरक आणखी ठळक, कारण बी धरले की त्याचे आयुष्यच संपते. उलट बाजूला मंजिरीला स्वतःचे मोल आहे. विठ्ठलाच्या पूजेत मंजिरी हवी असते, मधमाश्यांना फूल हवे असते आणि पुढच्या वर्षीचे बी मंजिरीतच असते. खुडण्याच्या वेळेबद्दलही घरोघर नियम आहेत. सूर्यास्तानंतर आणि द्वादशीला तुळस तोडू नये, असे अनेक घरांत पाळतात. बागेच्या कामात ते नियम आड येत नाहीत. वर्षभर खुडून पाऊस सरल्यावरचा एक बहर बियांसाठी राखला, की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

एकमत कुठे, प्रश्न कुठे

या साऱ्यातून काही गोष्टी पक्क्या हाताला लागतात. आधी जात ओळखावी. बी ताजे आणि कोरडे असावे. पेरणी उथळ आणि विरळ असावी. पाणी खालून द्यावे. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. आणि बुडाला निचरा असावा. यांपैकी कशावरही गंभीर मतभेद उरलेला नाही.

खुले प्रश्न तीन. पहिला, पेरणीच्या वेळेचा. ऑक्टोबरचे रोप आणि फेब्रुवारीचे रोप यांतले पावसाळा पार करण्यात सरस कोणते, याचे उत्तर किनारपट्टीवर एक आणि लांजा-संगमेश्वरच्या आतल्या भागात दुसरे असू शकते. दुसरा, सुगंधाचा. तुळशीच्या युजेनॉलसारख्या द्रव्यांचे प्रमाण जातीवर, उन्हावर आणि हंगामावर हलते. मग पावसातल्या मऊ, मोठ्या पानात आणि फेब्रुवारीतल्या लहान, कडक पानात औषध किती, हे घरच्या काढ्यासाठीही महत्त्वाचे आहे. तिसरा, स्थानिक बियांचा. ‘सिम-आयु’सारखे वाण तेलाच्या उत्पादनासाठी निवडलेले आहेत. इथल्या गडग्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्वतः पेरल्या गेलेल्या तुळशीची निवड पावसाने केली आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस सोसण्याचा गुण त्या बीत साठला असण्याची शक्यता मोठी आहे आणि फरशीखाली ती ओळ तुटत चालली आहे.

कोकणासाठी दापोलीला १९७२ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे, आणि इथल्या हवामानाला इथलेच वेळापत्रक हवे, हे भात, आंबा आणि नारळ यांच्या बाबतीत आपण केव्हाच मान्य केले आहे. तुळशीलाही तोच न्याय लावायला हवा. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एका घराने एकाच झाडाचे बी दोन वाटे करून एक दसऱ्यानंतर आणि एक माघात पेरले, करवंटीवर महिना लिहिला आणि गणपतीपर्यंत किती रोपे उभी राहिली याची नोंद ठेवली, तर पहिल्या प्रश्नाचे त्या घरापुरते उत्तर मिळते. दहा घरांनी ते केले तर वाडीचे मिळते. आणि नोंद ठेवताना बी घ्यावे ते पाकिटातले नव्हे, तर शेजारच्या जुन्या वृंदावनातले. सध्या सर्वांत आधी वाचवायला हवे ते तेच.